वीज चमकली की आकडे मोजा



या वेळचा पाठ आहे विजेचा आणि गडगडाटाचा. जगभर हजारो माणसे आपली नोकरी, शाळा, घरकाम सांभाळून रोज आभाळाकडे पाहतात, पाऊस मोजतात, वादळ कुठून कुठे चालले आहे ते टिपून ठेवतात. या कामाचे त्यांना पैसे मिळत नाहीत. अशा माणसांना हौशी निरीक्षक म्हणतात. हौस म्हणजे आवड. आवडीने काम करतो तो हौशी, आणि नीट लक्ष देऊन पाहतो तो निरीक्षक. हा पाठ संपेपर्यंत तुम्हीही हौशी निरीक्षक व्हावे, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी लागेल एक वही, एक पेन्सिल, एक घड्याळ आणि थोडी चिकाटी.

पाठ मोठा आहे. निम्मा या आठवड्यात वाचा, निम्मा पुढच्या. अडलेले शब्द खुणा करून वर्गात आणा.

१. आधी शब्द शिकू या

वीज चमकते, वीज कडाडते आणि वीज पडते. ढग मात्र गडगडतात. इंग्रजीत ढगांच्या आवाजाला बहुतेक वेळा एकच शब्द वापरतात. मराठीत दोन आहेत. दूरच्या ढगातून येणारा, खोल आणि लांबत जाणारा आवाज म्हणजे गडगडाट. जवळच वीज पडली की एकदम कानठळ्या बसवणारा आवाज होतो, तो कडकडाट. म्हणजे आजीने फोनवर कोणता शब्द वापरला, एवढ्यावरूनच वीज जवळ होती की लांब, हे तुम्हांला कळेल.

वीज या शब्दाची गंमत पहा. ‘वीज पडली’ म्हणजे आभाळातून पडली. ‘वीज गेली’ म्हणजे घरातले दिवे गेले. आणि लिहिताना जपून! एक वीज लिहिताना ‘वी’ दीर्घ. पण अनेक विजा, विजेचा, विजेला लिहिताना ‘वि’ ऱ्हस्व. मीठ, मिठाचा, तसेच वीज, विजेचा.

‘आज आभाळ आलंय’ असे घरातली मोठी माणसे म्हणतात. आभाळ तर रोजच असते, मग आज आले कुठून? इथे आभाळ म्हणजे ढग. ढग दाटून अंधारल्यासारखे झाले की ‘आभाळ भरून आलं’ किंवा ‘आभाळ झाकोळलं’ म्हणतात.

आता तीन सारखे वाटणारे शब्द. जोराचा, नुकसान करणारा वारा सुटतो ते वादळ. धूळ आणि पाचोळा घेऊन गरगर फिरणारा लहानसा वारा म्हणजे वावटळ. ती उन्हाळ्यात मोकळ्या मैदानावर दिसते. आणि समुद्रावरून येणारे, शेकडो मैल पसरलेले ते चक्रीवादळ.

एक शब्द मात्र खास महाराष्ट्राचा, तो म्हणजे वळीव. एप्रिल-मे महिन्यांत, मोसमी पाऊस यायच्या आधी, दिवसभर ऊन तापते. दुपारनंतर काळे ढग जमतात, सोसाट्याचा वारा सुटतो, विजा कडाडतात, टपोरे थेंब आणि कधी गाराही पडतात. तास-दोन तासांत सगळे संपते आणि मातीचा वास दरवळतो. तो वळवाचा पाऊस. तुमच्या आईबाबांपैकी अनेकांनी लहानपणी अंगणात गारा वेचल्या असतील. विचारून पहा.

२. गडगडाटी ढग कसा तयार होतो?

ऊन पडले की जमीन तापते. जमिनीलगतची हवा तापून हलकी होते आणि वर चढते. वर गेली की ती थंड होते. थंड हवेत वाफ मावत नाही, म्हणून तिचे बारीक थेंब होतात. हाच ढग. थेंब होताना वाफेतली उष्णता बाहेर पडते. तिच्यामुळे आतली हवा आणखी वर उसळते आणि ढग फुलकोबीसारखा फुगत जातो. पुरेसा ओलावा मिळाला तर तो आठ-दहा मैलांपर्यंतही उंच वाढतो. वर जागा संपल्यासारखी त्याची वाढ थांबते आणि माथा सपाट होऊन पसरतो. लोहार ज्या जाड लोखंडी ठोकळ्यावर लोखंड ठोकतो त्याला ऐरण म्हणतात. ढगाचा माथा तसाच दिसतो. आभाळात ऐरण दिसली की समजावे, हा गडगडाटी ढग. शास्त्रज्ञ त्याला क्युम्युलोनिंबस म्हणतात.

या ढगाच्या वरच्या भागात कडक थंडी असते. तिथे बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात. या टकरींमुळे ढगात विद्युतभार साठतो. वरच्या बाजूला बहुधा धन भार, खालच्या बाजूला ऋण भार. भार फार वाढला की मोठी ठिणगी उडते. ती ढगातल्या ढगात उडते किंवा जमिनीपर्यंत येते. तीच वीज. तिच्या वाटेतली हवा क्षणभर सुमारे ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! इतकी तापलेली हवा एकदम फुगते, म्हणून आवाज होतो. लक्षात ठेवा, वीज आणि गडगडाट एकाच क्षणी जन्मतात. आपल्यापर्यंत मात्र ते वेगवेगळ्या वेळी पोचतात. का, ते पुढे येईल.

३. फ्रीमाँटला विजा कमी का?

पुण्याची, नाशिकची मुले दर उन्हाळ्यात विजा पाहतात. आपल्याला फ्रीमाँटला वर्षभरात गडगडाट ऐकू येतो तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच. असे का?

गडगडाटी ढगाला तीन गोष्टी लागतात: भरपूर ओलावा, खाली उबदार आणि वर थंड अशी हवा, आणि त्या हवेला वर ढकलणारे काहीतरी. मुंबईजवळचा समुद्र मे महिन्यात ८० अंश फॅरनहाइटच्याही वर असतो. तिथून येणारा दमट वारा घाटावरच्या तापलेल्या हवेला भेटला की वळीव जमून येतो. आपला पॅसिफिक महासागर मात्र थंडगार आहे. उत्तरेकडून येणारा थंड प्रवाह किनाऱ्याने वाहतो आणि खोलातले गार पाणीही वर येते. उन्हाळ्यातही किनाऱ्याजवळचे पाणी ५५ अंशांच्या आसपास असते. त्यावरची हवा गार आणि जड. ती वर उसळत नाही, खालीच पसरून राहते. म्हणून आपल्याला उन्हाळ्यात वळीव मिळत नाही, गोल्डन गेटमधून येणारे धुके मिळते.

हिवाळ्यात मात्र कधी कधी वरची हवा फारच थंड होते आणि पावसाबरोबर थोड्या विजा आणि बारीक गारा येतात. क्वचित त्याहून मोठेही घडते. ४ मे १९९८ रोजी आपल्या खाडीपलीकडच्या सनीव्हेलमध्ये टोर्नेडो आला. उत्तर गोलार्धातले बहुतेक टोर्नेडो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. हा फिरला काट्यांच्या दिशेने, म्हणून तो अभ्यासकांच्या विशेष लक्षात राहिला. १४ डिसेंबर २०२४ रोजी स्कॉट्स व्हॅलीत टोर्नेडोने मोटारी उलथवल्या आणि काही माणसे जखमी झाली. तेव्हा ‘इथे असले काही होत नाही’ असे म्हणून वही मिटू नका.

४. १६ ऑगस्ट २०२०

‘गर्जेल तो पडेल काय?’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. जो ढग नुसता गर्जतो तो पाऊस पाडत नाही. तसेच जो माणूस नुसत्या बढाया मारतो तो काम करत नाही. म्हण खरी. पण २०२० साली आपण शिकलो की, न पडणारा ढगसुद्धा मोठे नुकसान करू शकतो.

त्या ऑगस्टमध्ये कडक उन्हाळा होता. १६ ऑगस्टला डेथ व्हॅलीत १३० अंश तापमान नोंदले गेले. दक्षिणेला समुद्रावर फाउस्टो नावाचे वादळ होते आणि त्याचा ओलावा वरच्या हवेतून आपल्याकडे सरकला होता. रविवारी पहाटे बे एरियावर विजांचा खेळ सुरू झाला. तीन दिवसांत कॅलिफोर्नियात दहा हजारांहून जास्त विजा पडल्या. पाऊस मात्र जवळजवळ नाहीच. ढगातून थेंब निघत होते, पण खालची हवा इतकी कोरडी आणि तापलेली होती की जमिनीवर पोचण्याआधीच त्यांची वाफ होत होती. अशा विजेला कोरडी वीज म्हणतात. ओल्या पावसात वीज पडली तर ठिणगी विझते. कोरडी वीज वाळलेल्या गवतावर पडली की वणवा पेटतो.

तसेच झाले. मिशन पीकच्या मागे, पूर्वेला आणि दक्षिणेला पसरलेल्या डोंगरांत अनेक आगी लागल्या आणि एकमेकींत मिसळल्या. सांता क्लारा, अलमेडा आणि शेजारच्या परगण्यांत मिळून सुमारे ३ लाख ९६ हजार एकर जमीन जळाली. माउंट हॅमिल्टनवरची लिक वेधशाळा १८८८ सालापासून तारे पाहते आहे. आग तिच्या दारापर्यंत आली. अग्निशमन दलाच्या जवानांनी ती वाचवली. सांता क्रूझच्या डोंगरांतल्या बिग बेसिन उद्यानातले उंच रेडवुड वृक्षही त्याच विजांच्या आगीत होरपळले. आग पूर्ण आटोक्यात यायला ऑक्टोबर उजाडला. तुमच्यापैकी काहींना त्या दिवसांतला धूर आठवत असेल. जे तेव्हा लहान होते किंवा जन्मले नव्हते, त्यांनी घरी विचारावे.

वीज पडल्यावर आग लगेच दिसतेच असे नाही. एखाद्या झाडाच्या खोडात किंवा मुळाशी निखारा दिवसेंदिवस धुमसत राहतो आणि वारा सुटला की भडकतो. म्हणून वीज कुठे पडली, किती वाजता पडली आणि तिथे धूर दिसतो का, ही माहिती फार मोलाची असते. आता तुम्हांला कळले असेल, विजेचा माग का ठेवायचा.

५. हौशी माणसांनी काय केले?

ढगांना नावे देणारा माणूस मोठा सरकारी शास्त्रज्ञ असेल असे वाटते ना? लंडनचा ल्यूक हॉवर्ड औषधे बनवण्याचा व्यवसाय करत असे. ढग पाहणे ही त्याची हौस. १८०२ साली त्याने एका छोट्या मंडळापुढे भाषण करून ढगांचे प्रकार सांगितले आणि त्यांना लॅटिन नावे दिली. क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रॅटस म्हणजे थर, सिरस म्हणजे केसांची बट. आजही जगभर हीच नावे चालतात.

आपल्या महाराष्ट्रातले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, अलिबागजवळच्या नागावचे. तरुणपणी ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत कामाला होते. तिथे ठरलेल्या वेळी हवेचा दाब, तापमान, वारा यांच्या नोंदी घेतल्या जात. केरूनाना पुढे पुण्यात गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले आणि लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. केरूनाना पगारी नोकर होते, हौशी नव्हेत. पण त्यांच्या कामातून एक गोष्ट आपण घेऊ: नोंद ठरलेल्या वेळी घ्यायची, मनात येईल तेव्हा नाही.

आता अमेरिकेतली गोष्ट. २८ जुलै १९९७ रोजी कोलोरॅडोच्या फोर्ट कॉलिन्स गावात गडगडाटी पाऊस झाला. गावाच्या एका टोकाला सुमारे १४ इंच पाऊस पडला आणि काही मैलांवर दोन इंचांहूनही कमी. पूर आला आणि पाच माणसे दगावली. एकाच गावात इतका फरक! सरकारी पर्जन्यमापक असतात मोजकेच. मग कळणार कसे? १९९८ साली तिथल्या विद्यापीठातल्या हवामान अभ्यासकांनी लोकांनाच हाक दिली: तुमच्या अंगणात पर्जन्यमापक लावा आणि रोज सकाळी आकडा कळवा. त्या उपक्रमाचे नाव कोकोराझ. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत त्याचे निरीक्षक आहेत. त्यांत शाळकरी मुले आहेत आणि आजीआजोबाही.

राष्ट्रीय हवामान सेवेचा स्कायवॉर्न नावाचा उपक्रमही आहे. त्यात साडेतीन लाखांहून अधिक स्वयंसेवकांनी शिक्षण घेतले आहे. गारा किती मोठ्या, वारा किती जोराचा, पाणी कुठे तुंबले, हे ते कळवतात. रडारला ढगातला पाऊस दिसतो. तुमच्या गल्लीत झाड पडले, हे रडारला दिसत नाही. ते माणसालाच सांगावे लागते.

६. वीज किती दूर?

प्रकाश इतका वेगवान आहे की वीज आपल्याला त्याच क्षणी दिसते. आवाज सावकाश येतो. त्याला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात आणि एक मैल यायला सुमारे पाच.

म्हणून वीज चमकली की मोजायला लागा: एक वीज, दोन विजा, तीन विजा, चार विजा... सावकाश म्हटले तर प्रत्येक आकड्याला साधारण एक सेकंद लागतो. घड्याळाबरोबर म्हणून पहा आणि आपला वेग ठरवा. गडगडाटाचा पहिला आवाज कानावर आला की थांबा. आलेल्या आकड्याला पाचाने भागा. उत्तर मैलांत. तिनाने भागलेत तर उत्तर किलोमीटरमध्ये.

उदाहरण पाहू. फ्रीमाँटच्या बार्ट स्टेशनपासून मिशन पीकचा माथा सरळ रेषेत सुमारे सहा मैल आहे. माथ्यावर वीज पडली तर स्टेशनवर गडगडाट किती सेकंदांनी ऐकू येईल? सहा गुणिले पाच, म्हणजे तीस. तेव्हा तिसापर्यंतचे मराठी आकडे पाठ हवेतच! एकोणीस आणि एकोणतीस यांच्यात गल्लत झाली, तर वीज दोन मैल सरकेल.

पुढच्या विजेला आकडा कमी आला तर वादळ जवळ येत आहे. वाढला तर ते दूर चालले आहे. वादळाचा माग काढायची ही सगळ्यांत सोपी रीत.

आपल्याकडे विजा कमी, मग सराव कधी करायचा? चार जुलैला! आतषबाजीचा प्रकाश आधी दिसतो, आवाज मागून येतो. घरातून मोजा आणि आतषबाजी किती मैलांवर आहे ते काढा. नकाशावर तपासून पहा.

७. तीन घरे, एक वीज

एका घरातून अंतर कळते, दिशा पक्की कळत नाही. तीन घरे मिळाली तर जागाच सापडते. समजा, एकाच विजेसाठी नाइल्समधल्या मुलीने ३५ मोजले, सेंटरव्हिलमधल्या मुलाने ३६ आणि वॉर्म स्प्रिंग्जमधल्या मुलीने १६. पाचाने भागा. नाइल्सपासून ७ मैल, सेंटरव्हिलपासून ७ मैलांहून थोडे अधिक, वॉर्म स्प्रिंग्जपासून ३ मैलांहून थोडे अधिक.

फ्रीमाँटचा नकाशा घ्या. नाइल्सवर कंपासचे टोक ठेवून ७ मैलांचे वर्तुळ काढा. सेंटरव्हिलवरून दुसरे काढा. ही दोन वर्तुळे दोन ठिकाणी छेदतील. वीज यांतल्या नेमक्या कोणत्या ठिकाणी? ते वॉर्म स्प्रिंग्जचे तिसरे वर्तुळ सांगेल. तिन्ही वर्तुळे जिथे जवळजवळ एकत्र येतात तिथे वीज पडली. कुठे आली जागा, ते वर्गात सांगा. थोडी चूक राहील, कारण आपले कान आणि आकडे काही यंत्र नव्हेत.

मोठ्या यंत्रणाही अशाच रीतीने चालतात. वीज चमकली की रेडिओलहरी निघतात. जर्मनीत सुरू झालेल्या ब्लिट्झऑर्टुंग नावाच्या उपक्रमात हौशी माणसे या लहरी पकडणारे छोटे यंत्र घरी बसवतात. एकाच विजेची लहर कोणत्या घरी किती आधी पोचली, यावरून संगणक जागा काढतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनेही विजा पकडणारी यंत्रे ठिकठिकाणी बसवली आहेत. तिचे ‘दामिनी’ नावाचे ॲप वीज जवळ येत असल्याचा इशारा मोबाइलवर देते. दामिनी म्हणजे वीजच.

घरी जुना रेडिओ असेल तर तुम्हीही ही लहर ऐकू शकता. एएम पट्ट्यावर जिथे कोणतेच स्टेशन लागत नाही तिथे काटा ठेवा. वादळ असेल तेव्हा प्रत्येक विजेबरोबर कर्रर्र असा आवाज येईल. वीज दिसायच्याही आधी, वादळ कितीतरी मैल दूर असतानाही.

८. आपली नोंदवही

वहीच्या पानावर सहा रकाने आखा: तारीख, वेळ, आभाळ कसे, पाऊस किती, वीज किंवा गारा, आणि विशेष. रोज एकाच वेळी लिहा. सकाळी शाळेत जायच्या आधीची वेळ बरी. नमुना असा:

पहिला दिवस, सकाळी ७ — आभाळ झाकोळलेले, खाली धुके — पाऊस ० — वीज नाही — मिशन पीक दिसत नाही.

दुसरा दिवस, सकाळी ७ — आभाळ भरून आलेले — पाऊस ०.३५ इंच — वीज नाही — रात्री सोसाट्याचा वारा.

पर्जन्यमापक नीट हवा. कोकोराझचे निरीक्षक चार इंच व्यासाचा वापरतात. त्याच्या नरसाळ्याचे तोंड आतल्या नळीच्या दहापट क्षेत्रफळाचे असते. त्यामुळे एक इंच पाऊस नळीत दहा इंच उंच दिसतो आणि इंचाचा शंभरावा भागही मोजता येतो. तो झाडापासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी बसवा.

गारा मोजायच्या असतील तर थर्मोकोलचा चौकोनी तुकडा घ्या, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि आधीच बाहेर ठेवून द्या. गार पडली की खड्डा उमटतो. नंतर खड्डे मोजता येतात आणि त्यांची रुंदीही.

आता सगळ्यांत महत्त्वाची सूचना. शून्य लिहायला विसरू नका! फ्रीमाँटला उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे ‘पाऊस ०, वीज नाही’ असेच येईल. कंटाळा येईल. पण रकाना कोरा सोडला तर वाचणाऱ्याला कळणार नाही की पाऊस पडला नाही, की तुम्ही पाहिलेच नाही. शून्य म्हणजे ‘मी पाहिले, आणि नव्हते’. गवत किती दिवस वाळत आहे, हे या शून्यांवरूनच कळते. कोरडी वीज पडते तेव्हा नेमके तेच कळणे गरजेचे असते.

९. जपून!

वीज पाहायची ती घरात बसून. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात, मग आकडा कितीही मोठा येवो. म्हणून:

• गडगडाट ऐकताच घरात या, किंवा पत्र्याचे छत असलेल्या मोटारीत बसून काचा बंद करा. आकडे तिथे बसून मोजा.
• झाडाखाली, तंबूत किंवा मैदानातल्या उघड्या मांडवाखाली थांबू नका. पोहण्याच्या तलावातून लगेच बाहेर या.
• मिशन पीकवर चढताना ढग उंच वाढू लागले तर माथ्याचा हट्ट सोडा आणि खाली उतरा.
• घरात नळाखाली हात धुऊ नका, आंघोळ करू नका, वायरचा फोन वापरू नका. खिडकीपासून दूर बसा.
• शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटे थांबा. मगच बाहेर जा.
• डोंगरावर धूर दिसला तर लगेच मोठ्यांना सांगा. त्यांनी ९११ ला कळवावे.

भारतात दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने दगावतात. अमेरिकेत हा आकडा अलीकडे वर्षाला वीसच्या आसपास आहे. भारताची लोकसंख्या जास्त आहे हे खरेच, पण तेवढेच कारण नाही. तिकडे पुष्कळ माणसे उघड्या शेतात राबतात आणि पाऊस आला की जवळच्या झाडाचा आडोसा घेतात. गावाकडे तुमचे कोणी नातेवाईक शेती करत असतील तर या सूचना त्यांना मराठीत वाचून दाखवा. आमच्या मते या पाठाचा तो सगळ्यांत चांगला उपयोग.

१०. स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. गडगडाट आणि कडकडाट यांत काय फरक आहे?
२. कोरडी वीज कशाला म्हणतात?
३. ल्यूक हॉवर्डचा व्यवसाय कोणता होता?
४. नोंदवहीत शून्य का लिहायचे?

आ) गणिते सोडवा.
१. वीज चमकल्यावर २० सेकंदांनी आवाज आला. वीज किती मैलांवर?
२. पहिल्या विजेला ४० सेकंद, दुसरीला ३०, तिसरीला १५. वादळ जवळ येते आहे की दूर जाते आहे? तिसरी वीज किती किलोमीटरवर?

इ) रिकाम्या जागा भरा. (वीज, विजा, विजेचा, विजेला)
१. काल रात्री खूप ____ चमकल्या.
२. ____ आवाज ऐकून मांजर पलंगाखाली पळाले.
३. डोंगरावर ____ पडली.
४. माझी धाकटी बहीण ____ घाबरते.

ई) फोनवर विचारा. शनिवारी रात्री आठ वाजता इथून फोन केलात तर तिकडे उन्हाळ्यात रविवारचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. आजी, आजोबा, काका किंवा मावशी यांना विचारा: ‘तिकडं आभाळ आलंय का? काल वळीव झाला का? तुमच्या लहानपणीचा सगळ्यांत मोठा वळीव कोणता?’ उत्तर पाच वाक्यांत लिहून आणा. त्यांनी वापरलेला एक तरी नवा शब्द त्यात हवा.

उ) एक महिनाभर नोंदवही ठेवा. महिन्याच्या शेवटी वर्गात आणा. सगळ्यांचे आकडे एका मोठ्या नकाशावर लावू आणि नाइल्सचा पाऊस वॉर्म स्प्रिंग्जपेक्षा कमी पडला की जास्त, ते पाहू.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांना घरी मराठी बोलायला सांगितले की ‘काय बोलू?’ असा प्रश्न येतो. रोज सकाळी दोन मिनिटे आभाळाकडे पाहून मराठीत एक वाक्य बोलणे, हे त्याचे एक सोपे उत्तर आहे. वाक्य चुकले तर लगेच दुरुस्त करू नका. आपण योग्य वाक्य एकदा सहज म्हणा. मूल उचलेल. नोंदवहीतले शब्द मात्र मुलांनीच लिहावेत, आपण नाही. अक्षर वेडेवाकडे चालेल.

आपल्या पिढीकडे पावसाचे शब्द भरपूर आहेत: झड, सर, रिपरिप, भुरभुर, मृगाचा पाऊस, हस्ताचा गडगडाट. हे शब्द मुलांनी पुस्तकातून शिकण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकावेत. हवामान सेवेचे स्कायवॉर्न शिक्षण मोफत असते. आपल्या भागाचे कार्यालय माँटेरेला आहे. जमल्यास एखाद्या पालकाने ते घ्यावे आणि वर्गात मुलांना समजावून सांगावे. आम्ही त्यासाठी एक तास राखून ठेवू.

नोंदवह्या आणायला विसरू नका. शून्यांसकट!